गावाचा अर्ज भरण्याआधी एक वही घाला
संयुक्त राष्ट्रांची पर्यटन संघटना २०२१ पासून ‘सर्वोत्तम पर्यटन गावं’ निवडते. पहिल्याच वर्षी तेलंगणातलं पोचमपल्ली निवडलं गेलं, २०२३ मध्ये कच्छातलं धोरडो. आधी अटी बघा: लोकसंख्या १५ हजारांच्या आत हवी, शेती, मासेमारी असे जुने धंदे चालू हवेत. गावाला परस्पर अर्ज करता येत नाही, नाव देशाच्या पर्यटन खात्याकडूनच जातं.

आता खरं काम. आमच्या कोकणातल्या गावासाठी मी पहिला मसुदा लिहिला तो नुसता ‘निसर्गरम्य’, ‘अतिथी देवो भव’. मुलीने वाचून विचारलं, "बाबा, पण पाहुण्यांचा पैसा जातो कुणाकडे?" उत्तर नव्हतं. मग दोनशे पानी वही घातली. मासळी कुणाकडून, किती रुपयांची. भाकऱ्या कुणी भाजल्या. प्लास्टिकची पोती किती निघाली, गेली कुठे. मे महिन्यात विहीर आटली, टँकर मागवला, तेही लिहिलं. असलं लपवू नका. पुढे टाकी बांधलीत तर फरक दाखवायला हीच नोंद लागते. वही निदान एक हंगाम आधी सुरू करा. फोटो समुद्राचे कमी, कचरा निवडणाऱ्या बायकांचे जास्त जोडा, अर्थात त्यांना विचारूनच.