जुन्या साड्यांची गोधडी घरीच शिवा

जुन्या साड्या बोहारणीला देऊन एखादं पातेलं पदरात पाडून घेण्यापेक्षा गोधडी शिवा ना. फक्त सुतीच घ्या हं, सिंथेटिक सरकतं आणि घामही टिपत नाही. साडी असते साडेपाच मीटरची, मधोमध दुमडली की एका माणसाला भरपूर, आणि तिच्या पोटात विरलेल्या साड्या, फाटकं बेडशीट, धोतर, जे असेल ते, पण फार थर नकोत नाहीतर सुई जाता जात नाही आणि धुतल्यावर वाळता वाळत नाही.

सगळं आधी धुऊन कडक उन्हात वाळवा, मग फरशीवर पसरून हातानेच सुरकुत्या काढायच्या, कोपऱ्यांवर वरवंटा, डबे काहीतरी जड ठेवायचं आणि मोठे मोठे कच्चे टाके घालून घ्यायचे, हे टाळलं की मधे फुगा येतोच.

आता कडा आत दुमडून कडेपासून धावदोरा (सुई खाली-वर करत घातलेले साधे टाके) घाला, चौकोनी फिरत फिरत मध्यापर्यंत, ओळींत बोटभर अंतर. दोरा जाड सुती आणि हातभरच घ्या, लांब घेतला की गुंता. सुईवर चार-पाच टाके भरले की मगच खेचायचं. वाकडे आले तर येऊ देत, मशीनच्या गोधडीला ती ऊब नाहीच. उरलेले काठ कडेला पट्टी म्हणून लावा, कडाच आधी फाटतात.