गॅलरीतलं हवामान घरातल्या डिस्प्लेवर

अ‍ॅपवर दिसणारं तापमान शहराचं असतं, तुमच्या गॅलरीचं नसतं. ते हवं असेल तर सेन्सर तिथेच टांगावा लागतो. जोडणी तासाभरात होते. वेळ द्यायचा तो सेन्सर कुठे आणि कसा टांगायचा यासाठी, कारण बहुतेकांचं तिथेच चुकतं.

सामान थोडंच लागतं: ईएसपी३२ डेव्हकिट बोर्ड (प्रोग्रॅम चालवणारा छोटा कॉम्प्युटरच), बीएमई२८० सेन्सर (तापमान, आर्द्रता आणि वायुदाब मोजणारा), ०.९६ इंची ओएलईडी डिस्प्ले (एसएसडी१३०६ चिपचा), मीटरभर चारपदरी वायर आणि मोबाइलचा जुना ५ व्होल्टचा चार्जर. स्वस्त पडतो म्हणून डीएचटी११ हा सेन्सर घेऊ नका, त्यात दोन अंश इकडेतिकडे व्हायचेच. बीएमई२८०च्या नावाखाली बीएमपी२८० गळ्यात मारला जातो, तेही बघून घ्या. बीएमपीला आर्द्रता मोजता येत नाही. बीएमईची धातूची इवलीशी डबी चौरस असते, बीएमपीची लांबट.

सेन्सर आणि डिस्प्ले दोन्ही त्याच चार तारांवर चालतात. व्हीसीसी (वीजपुरवठा) बोर्डच्या ३.३ व्होल्टला, ग्राउंड ग्राउंडला, एसडीए (डेटाची तार) पिन २१ला, एससीएल (ताल देणारी तार) पिन २२ला. आर्डुइनो आयडीई या प्रोग्रॅम लिहून बोर्डवर चढवायच्या सॉफ्टवेअरमध्ये ईएसपी३२ बोर्ड निवडा, अ‍ॅडाफ्रूट कंपनीच्या बीएमई२८० आणि एसएसडी१३०६ या लायब्ररी (तयार कोड) टाका आणि त्यांच्यासोबत येणारे नमुना प्रोग्रॅम आधी वेगवेगळे चालवून बघा. दोन्ही चालले की मगच एकत्र करा.

कॉम्प्युटरला बोर्ड दिसतच नसेल तर आधी केबल बदला, नुसत्या चार्जिंगच्या केबलमधून डेटा जात नाही. अपलोड 'कनेक्टिंग'वर अडकलं तर बोर्डवरचं बूट बटण दाबून धरा. सेन्सर सापडत नाही असा संदेश आला तर बहुधा पत्ता, म्हणजे त्याच तारांवर प्रत्येक भागाला ओळखायचा क्रमांक, चुकलेला असतो: अ‍ॅडाफ्रूटची लायब्ररी ७७ हा हेक्स पत्ता धरून चालते, बाजारातली स्वस्त मॉड्यूल्स मात्र ७६वर असतात. डिस्प्लेचा पत्ता बहुतेक वेळा ३सी.

आता मुख्य काम. ईएसपी३२ स्वतः गरम होतो, त्यामुळे सेन्सर त्याला चिकटून ठेवला तर आकडा काही अंशांनी चढा येतो. बोर्ड आणि डिस्प्ले घरात, सेन्सर बाहेर, मध्ये ती मीटरभर वायर. त्याहून लांब नेली तर रीडिंग मध्येच गायब होऊ लागतं. सेन्सरही सतत चालू राहिला तर किंचित तापतो. प्रोग्रॅममध्ये 'फोर्स्ड मोड' (सांगितलं तेव्हाच मोजायचं) ठेवून मिनिटाला एकदाच मोजायला सांगा.

बाहेर त्याला घर हवं. कुंडीखाली ठेवायच्या सहा इंची पांढऱ्या प्लास्टिकच्या सहा-सात बशा आणा. सगळ्यात वरची अखंड ठेवा, बाकीच्यांना मधोमध मोठं भोक पाडा. तीन लांब आट्यांच्या सळ्या आणि नट वापरून बशा उलट्या, दीड-दोन सेंटिमीटर अंतराने एकावर एक बसवा आणि सेन्सर मधल्या पोकळीत लोंबकळत ठेवा. वारा खेळतो, ऊन आणि पाऊस थेट लागत नाही. बंद डबी अजिबात नको, उन्हात तिची भट्टी होते. भिंतीपासून जितकं दूर टांगता येईल तितकं चांगलं, कारण पश्चिमेची भिंत संध्याकाळनंतरही धग सोडत राहते. एसीच्या बाहेरच्या युनिटजवळ तर नकोच. पावसाळ्यात आर्द्रता १००वर अडकली तर सेन्सरवर दव धरलेलं असतं, वाळू द्या. त्याच्या बारीक भोकावर वॉर्निश किंवा गोंद लावू नका.

वायुदाबाचा आकडा बघून दचकू नका. पुण्यात, साधारण ५६० मीटर उंचीवर, सेन्सर ९४८ हेक्टोपास्कलच्या (हे दाबाचं एकक) आसपास दाखवेल. हवामान खात्याच्या नकाशावरचे आकडे समुद्रसपाटीच्या हिशेबाने बदललेले असतात, म्हणून ते जास्त दिसतात. लायब्ररीतल्या 'सी लेव्हल फॉर अल्टिट्यूड' या फंक्शनला आपली उंची आणि मोजलेला दाब द्या, म्हणजे तुमचा आकडाही तसाच बदलून मिळेल. समुद्रसपाटीजवळ उंचीत आठ मीटरांची चूक म्हणजे दाबात सुमारे एका हेक्टोपास्कलची चूक.

दाब रोज आपसूक वरखाली होतो: सकाळी आणि रात्री दहाच्या सुमाराला जास्त, पहाटे आणि दुपारी चारच्या सुमाराला कमी. दुपारी दोन-तीन हेक्टोपास्कल उतरले म्हणजे वादळ येतंय असं नाही. म्हणून डिस्प्लेवर आत्ताच्या दाबाशेजारी काल याच वेळी किती होता तेही दाखवा. सलग घसरण असेल तर ती त्या फरकातच दिसते.