मोटारसायकल घरच्या घरी जॅकवर कशी उचलावी

चारचाकीला जॅक लावला तरी तिची उरलेली तीन चाके जमिनीवर असतात, त्यामुळे गाडी आपला तोल आपणच सांभाळते. मोटारसायकलची दोन्ही चाके एका रेषेत असतात, आणि ती जॅकने वर गेली की कडेला कलंडण्यापासून तिला अडवणारे काहीच उरत नाही. दोन टनांचा बॉटल जॅक (बाटलीसारखा उभा जॅक) 195 किलोची रॉयल एनफील्ड क्लासिक 350 सहज उचलतो, पण त्याचे डोके दोन-तीन बोटेच रुंद असते आणि एवढ्याशा टेकूवर गाडी तोलून धरता येत नाही. म्हणून जॅक किती वजन पेलतो हा प्रश्न येथे दुय्यम आहे. गाडी एका रेषेत नसलेल्या किमान तीन ठिकाणी जमिनीला भक्कम टेकलेली राहील का, हे आधी ठरवावे आणि मगच जॅकला हात लावावा.

घरी हे साधण्याचा सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे डबल स्टँड. त्याचे दोन पाय एकमेकांपासून दूर टेकलेले असतात आणि ते गाडीच्या गुरुत्वमध्याच्या जवळ असतात. डबल स्टँडवर उभ्या केलेल्या बहुतेक गाड्यांचे मागचे चाक आपोआप अधांतरी राहते, म्हणजे साखळी साफ करणे, तिचा ताण पाहणे किंवा मागचे चाक काढणे या कामांसाठी जॅकची गरजच नसते. जॅक लागतो तो पुढचे चाक काढताना. तेव्हाही तो गाडीचे सगळे वजन उचलत नाही. इंजिनाच्या पुढच्या बाजूला थोडासा दाब दिला, की गाडी स्टँडच्या पायांवर मागे झुकते, मागचे चाक जमिनीला टेकते आणि पुढचे चाक सुटते. स्टँडचे दोन पाय आणि मागचे चाक मिळून हवा असलेला त्रिकोण तयार होतो. जॅक गाडीला फक्त त्या त्रिकोणावर झुकवून धरतो.

जागेची निवड घाईने करू नये. सोसायटीच्या पार्किंगला पाणी वाहून जाण्यासाठी उतार दिलेला असतो आणि तो डोळ्यांना सहसा दिसत नाही. एखादी गोटी जमिनीवर ठेवून पाहिली की लगेच कळतो. गावाकडच्या अंगणात, विशेषतः पावसाळ्यात, जॅक आणि स्टँड दोन्ही मातीत रुततात, आणि एकच पाय रुतला तर गाडी त्याच बाजूला जाते. शहाबादी फरशी एका बिंदूवर आलेल्या भाराने तडकू शकते. माती आणि फरशी या दोन्ही ठिकाणी उपाय एकच आहे: स्टँडच्या दोन्ही पायांना आणि जॅकला पुरेल एवढी, साधारण 18 मिलिमीटर जाडीची अखंड प्लायवूडची फळी खाली घालावी. उतार असलेल्या जागी मात्र फळीनेही काम भागत नाही. तेथे गाडी उचलूच नये.

काम सुरू करण्यापूर्वी गाडी थंड होऊ द्यावी आणि टाकीत पेट्रोल कमी असलेले बरे. 13 लिटरच्या भरलेल्या टाकीत जवळपास दहा किलो वजन असते आणि ते गाडीच्या अगदी वरच्या भागात असते. एक्सलचे (चाकाच्या आसाचे) नट आणि इतर घट्ट नट गाडी जमिनीवर दोन्ही चाकांवर असतानाच पाव वळसा सैल करून ठेवावेत. उचललेल्या गाडीच्या नटावर लांब पान्याने जोर लावणे म्हणजे तिला हाताने ढकलणेच होय, आणि घरच्या कामात होणारे अपघात बरेचदा याच क्षणी होतात.

यानंतर डबल स्टँड बांधून टाकावा. गाडी पुढे सरकली तर हा स्टँड दुमडतो, हे त्याच्या रचनेतच आहे. मजबूत पट्टा स्टँडपासून पुढे फ्रेमच्या, इंजिनासमोरून खाली उतरणाऱ्या नळीपर्यंत ताणून बांधला की गाडी पुढे ओढली गेली तरी स्टँड मिटत नाही. सुतळीवर येथे भिस्त ठेवू नये.

जॅक कोणता वापरावा याविषयी माझे मत स्पष्ट आहे. मोटारसायकलसाठी बनवलेला, दोन रुंद दांड्यांचा जॅक मिळाला तर उत्तमच. तो नसेल तर चारचाकीच्या डिकीत असतो तो कैची जॅक डबल स्टँडच्या जोडीने चालतो, कारण तो सरळ वर जातो आणि स्क्रूवर चालत असल्याने आपोआप खाली बसत नाही. ट्रॉली जॅकचे डोके वर जाताना कमानीत फिरते, म्हणून त्याची लोखंडी चाके मोकळी फिरणे आवश्यक असते. पेव्हर ब्लॉकच्या फटीत ती अडकली की जॅक स्वतः न सरकता गाडीलाच ओढू लागतो. तेलाच्या दाबावर चालणाऱ्या हायड्रॉलिक जॅकचे सील झिजलेले असेल तर तो हळूहळू खाली येतो, आणि हे वरकरणी कळत नाही. त्यामुळे हायड्रॉलिक जॅकने उचलून झाल्यावर शेजारी लाकडाचा ठोकळा सरकवलाच पाहिजे. विटा किंवा सिमेंटचे पोकळ ब्लॉक या कामासाठी कधीही वापरू नयेत. लाकूड दबते, करकरते, सूचना देते, वीट मात्र एका क्षणात फुटते.

जॅक टेकवण्याची जागा गाडीनुसार बदलते. स्प्लेंडरसारख्या गाड्यांमध्ये फ्रेमच्या दोन नळ्या इंजिनाखालून जातात. त्या दोन्ही नळ्यांवर आडवी बसेल अशी लाकडी फळी ठेवून तिच्या मध्यभागी जॅक लावावा. ज्या गाड्यांमध्ये इंजिन हाच फ्रेमचा भाग असतो, त्यांच्या माहितीपुस्तिकेत सांगितलेलीच जागा घ्यावी. ऑइल काढण्याचा नट, ऑइल फिल्टरचे झाकण आणि सायलेन्सर यांवर भार कधीही देऊ नये. इंजिनाचे आवरण ओतीव ॲल्युमिनियमचे असते, ते वाकत नाही, तडकते.

आता एक माणूस मागे, सीटजवळ उभा करावा. त्याने गाडी उचलायची नाही, फक्त हात ठेवून हालचाल जाणवते का ते पाहायचे. जॅक सावकाश चढवावा आणि टायर जमिनीपासून दोन-तीन सेंटिमीटर सुटला की थांबावे. एक्सल बाहेर काढण्यासाठी याहून अधिक उंची सहसा लागत नाही. मग हँडल धरून गाडी हलकेच दोन्ही बाजूंना हलवून पाहावी. ती डगमगली तर काम न करता खाली उतरवावी आणि मांडणी नव्याने करावी. सगळे भक्कम वाटले तर मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना गुटके लावावेत. एवढे करूनही गाडी पडू लागलीच, तर तिला सावरण्याचा मोह होतो, आणि तो आवरलाच पाहिजे. मागे सरावे, गाडी पडू द्यावी. आरसा आणि लिव्हर नवे मिळतात.

ज्यांच्या गाडीला डबल स्टँड नाही, त्यांनी मागच्या चाकासाठी पॅडॉक स्टँड (चाक दोन्ही बाजूंनी धरून उचलणारा वेगळा स्टँड) घ्यावा आणि पुढच्या चाकासाठी त्याच प्रकारचा पुढचा स्टँड. साइड स्टँड आणि जॅक यांच्या भरवशावर चाक काढण्याची पद्धत अनेक ठिकाणी दिसते. मी ती कोणालाही सुचवणार नाही.

आणखी एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. मागचे चाक अधांतरी असताना इंजिन चालू करून, गिअर टाकून साखळी पुसू नये. चाक हाताने फिरवूनच साखळी पुसावी. साखळी आणि दातेरी चक्र यांमध्ये सापडलेले बोट वाचत नाही.

पुढचे चाक काढून ठेवलेले असताना डिस्क ब्रेकचा लिव्हर चुकून दाबला गेला तरी पॅड मिटू नयेत म्हणून पॅडच्या फटीत पुठ्ठ्याची घडी घालावी, आणि कॅलिपर (पॅड ज्यात बसतात तो भाग) ब्रेकच्या नळीवर लोंबकळत न ठेवता फोर्कला बांधावा. चाक पुन्हा बसवल्यावर आधी ठोकळा काढून मग जॅक सावकाश उतरवावा, आणि एक्सलचा नट शेवटचा घट्ट करण्याचे काम दोन्ही चाके जमिनीवर आल्यावरच करावे. स्टँडला बांधलेला पट्टा सोडून गाडी खाली घेतल्यावर, निघण्यापूर्वी पुढचा ब्रेक लिव्हर टणक लागेपर्यंत अनेकदा दाबावा, कारण पॅड मागे ढकलले गेले असतील तर पहिल्या दाबाला ब्रेक लागत नाही.