किडनी बदलल्यावर ‘शरीराला सवय झाली’ असं समजू नका: या चुका टाळा

प्रत्यारोपणानंतर पहिलं वर्ष घरात सगळं काटेकोर चालतं. मग क्रिएटिनिन (किडनी कशी चालते ते दाखवणारा रक्तातला घटक) आटोक्यात येतं, अंगात ताकद येते आणि घरातलंच कुणीतरी म्हणतं, “आता शरीराला सवय झाली असंल, गोळ्या कमी करा की!” सगळ्यात महागात पडणारी चूक हीच.

शरीरासाठी आपलं कोण, परकं कोण, याची निवड थायमस नावाच्या ग्रंथीत होते. छातीच्या मधल्या हाडामागे, हृदयाच्या वरच्या बाजूला ही ग्रंथी असते. गळ्यातली थायरॉइड वेगळी. परक्यावर हल्ला करणाऱ्या टी-पेशी, म्हणजे एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी, इथे तयार होतात. आपल्याच ऊतींवर तुटून पडतील अशा बहुतेक पेशी इथेच संपवल्या जातात, काहींच्या नियामक पेशी होतात आणि त्या बाकीच्यांना आवर घालतात. १९६१ साली जॅक मिलर यांनी नवजात उंदरांची थायमस काढली, तर त्या उंदरांनी परकी त्वचाही नाकारली नाही.

पण ही निवड आपल्या ऊतींवर बेतलेली असते, दात्याच्या नाही. शिवाय वयात आल्यावर थायमस आक्रसत जाते. चाळिशीत बसवलेल्या किडनीशी ओळख करून द्यायला ती फारशी उरलेलीच नसते. म्हणून टॅक्रोलिमससारख्या, प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या कायमच्या. दात्याची थायमसही सोबत बसवून गोळ्यांतून सुटका करण्याचे प्रयोग चालू आहेत, पण रोजच्या उपचारात ते अजून आलेले नाहीत.

‘इम्युनिटी वाढावी’ म्हणून गुळवेलीचा काढा प्रेमाने पाजला जातो. इथे तर प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबून ठेवलेली आहे! कृपा करून देऊ नका. पपनसही नको, त्याने औषधाची रक्तातली पातळी वाढू शकते.

जुलाब लागले की औषध वाहून गेलं समजून जादा गोळी घेतली जाते. जुलाबात टॅक्रोलिमसची पातळी उलट चढू शकते. त्यात सोलापूरचा मे महिना, अंगातलं पाणी कमी झालेलं. किडनीवर दुहेरी मार बसतो. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.

आणि तपासणीचा दिवस. सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला निघायचं, गाडीत चहासोबत नेहमीची गोळी घ्यायची आणि मग रक्त द्यायचं, असं सर्रास होतं. औषधाच्या पातळीचा आकडा फुगून येतो, त्यावरून डोस कमी होऊ शकतो. गोळी पिशवीत ठेवा, रक्त दिल्यावर लगेच घ्या आणि रात्रीची गोळी किती वाजता घेतली होती ते लॅबमध्ये सांगा.