बुलेटच्या पुढच्या शॉकअपची गळती: माझा अनुभव

पप्पांच्या 1984 च्या बुलेटचा डावा शॉकअप पावसाळाभर तेल गाळत होता. म्हापशात तीनदा ऑइल सील (तेल आत अडवणारी रबरी कडी) बदललं, तरी पंधरा दिवसांत पुन्हा ओघळ. शेवटी घरीच उघडला. शॉकअपची खालची नळी, म्हणजे बॉटम, ज्यावर वर-खाली सरकते तो क्रोमचा पाइप पुसून नखाने चाचपला, तर सील घासतं नेमक्या त्याच पट्ट्यात क्रोमवर मोहरीएवढे गंजाचे खड्डे. खारा वारा, दुसरं काय! अशा पाइपवर कितीही नवी सीलं घाला, खड्ड्याची धार ती कापणारच. मग पाइप काचेवर लाटण्यासारखा फिरवला. मध्ये उजेडाची फट दिसली, म्हणजे वाकलेलाही होता.

दुकानातून आणलेला पहिला पाइप दुसऱ्याच मॉडेलचा निघाला. म्हणून जुना सोबत न्या. व्यास व्हर्नियरने मापा, लांबी आणि वरचे आटे जुळवा. बुलेटचा पाइप वर हेडलाइटच्या घरात आट्यांवर बसतो. खालचा क्लॅम्प सैल करून तो फिरवूनच काढायचा, ठोकाठोकी अजिबात नको.

दोन्ही पाइप जोडीने बदलले, तेल दोन्हीकडे मापून सारखं भरलं. पुढच्या चाकाच्या आसाचा क्लॅम्प कसण्याआधी गाडी चार-पाच वेळा दाबून घेतली, म्हणजे बॉटम आपोआप सरळ बसतात.

काल पर्वरीला जाऊन आलो. बॉटम कोरडा ठणठणीत.