मुलाच्या गुलाबी तळहातांमागे पारा आहे का, हे कसे तपासावे

लहान मुलाचे तळहात-तळपाय गुलाबी होऊन दुखत असतील, कातडी सोलवटत असेल, अंग घामाने निथळत असेल, उजेड सोसवत नसेल आणि एरवी हसरे असणारे मूल रात्ररात्र किरकिरत असेल, तर ॲक्रोडायनिया, म्हणजेच गुलाबी आजार, ही शक्यता डॉक्टरांपुढे मांडावी. शरीरात बराच काळ पारा जात राहिल्याने तो होतो. पूर्वी दात येताना देण्याच्या विलायती चूर्णांत कॅलोमेल हे पाऱ्याचे संयुग असे. १९४८ मध्ये वॉर्कनी आणि हबर्ड या संशोधकांनी या आजाराचा पाऱ्याशी संबंध दाखवला, आणि ती चूर्णे बंद झाल्यावर आजारही विरळ झाला.

म्हणून आधी घर तपासावे. खानापूर-निपाणीकडच्या घरांत बाळघुटी उगाळून देतात. ओळखीच्या वनस्पतींविषयी माझी शंका नाही, परंतु नावपत्ता नसलेली तयार पुडी आणि रसकापूर, रससिंदूर, कज्जली या पारा असलेल्या पदार्थांपैकी काही असलेले औषध मुलाला देऊ नये. वेष्टनावरचा कन्नड मजकूर वाचता येत नसेल, तर जाणत्याकडून वाचून घ्यावा. आई लावते ते गोरेपणाचे क्रीमही पाहावे, कारण काहींत पारा सापडलेला आहे आणि तो कुशीतल्या बाळापर्यंत पोहोचतो.

थर्मामीटर फुटला असेल, तर मुलांना बाहेर न्यावे, पंखा बंद करून बाहेरच्या खिडक्या उघडाव्यात. केरसुणी मुळीच फिरवू नये. तिने थेंब फुटून विखुरतात आणि वाफ वाढते. हातमोजे घालून जाड पुठ्ठ्याने थेंब एकत्र करावेत, बारीक कण चिकटपट्टीने उचलावेत, तिरप्या बॅटरीच्या उजेडात फटी पाहाव्यात आणि सारे झाकणाच्या बाटलीत बंद करावे. मोरीत ओतू नये. पाऱ्याची वाफ जमिनीलगत श्वास घेणाऱ्या रांगत्या बाळाला अधिक बाधते, हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवावे.

दवाखान्यात जाताना संशयित पुडी किंवा डबी सोबत न्यावी. रक्तदाब व नाडी मोजण्याचा आग्रह धरावा, कारण या आजारात दोन्ही वाढतात आणि लहान मुलाचा रक्तदाब सहसा कोणी पाहत नाही. निदान रक्त व लघवीतील पाऱ्याच्या तपासणीने होते. पारा बाहेर काढणारे औषध केवळ डॉक्टरांच्या देखरेखीखाली द्यावे. पुढील उपचारांसाठी बेळगावहून कोल्हापूरला जायचे ठरले, तर तपासणीचे सर्व कागद सोबत ठेवावेत, आणि त्याच घरातली इतर भावंडेही तपासून घ्यावीत.