ऑल-इनला कॉल द्यावा की पानं टाकावीत?

टेक्सास होल्डेम या पोकरच्या प्रकारात समोरचा ऑल-इन गेला, म्हणजे त्याने सगळ्या चिप्स लावल्या, की तेवढेच भरून कॉल द्यायचा की नाही हे ठरवावं लागतं. पहिला प्रश्न मनात येतो, 'हा थापा मारतोय का?' तो नंतर. आधी भाव काढा.

१. भाव. भरायची रक्कम भागिले तुम्ही भरल्यावर होणारा एकूण पॉट (मध्ये जमलेली रक्कम). ब्लाइंड (दोन खेळाडूंनी पानं बघण्याआधीच भरायची सक्तीची रक्कम) १००-२००. तुमच्याकडे बदाम एक्का आणि किलवर राजा, तुम्ही ६०० वर नेलंत. पुढच्याने ५,००० चा ऑल-इन केला, ब्लाइंडवाल्यांनी पानं टाकली. पॉट ५,९००, भरायचे ४,४००, एकूण १०,३००. म्हणजे निदान ४२.७ टक्के वेळा जिंकायला हवं. तुमचे आधीचे ६०० आता पॉटचे आहेत, त्यांच्यासाठी हळहळून कॉल देऊ नका. तुमच्याकडे चिप्स कमी असतील तर हिशेब तेवढ्यापुरताच.

२. यादी. बहुतेकांचं गणित इथेच फसतं. 'त्याच्याकडे राणीची जोडी असणार' असं धरलं तर तुमचा वाटा (जिंकण्याची शक्यता) ४३ टक्के, कॉल काठावर बसतो. एक्क्यांची जोडी धरली तर ७. एकच हात (त्याची दोन पानं) मनात धरा, हा सल्ला म्हणूनच कुचकामी. तो ज्या ज्या हातांनी एवढे पैसे लावेल ते सगळे धरा आणि प्रत्येक हात किती प्रकारे बनतो ते मोजा.

कुठलीही जोडी ६ प्रकारे बनते. पण एक एक्का आणि एक राजा तुमच्या हातात असल्याने त्या दोन जोड्या ३-३ प्रकारेच उरतात आणि एक्का-राजा ९ प्रकारे. भिडू जपून खेळणारा असेल तर यादी अशी: एक्के ३ (तुमचा वाटा ७ टक्के), राजे ३ (३०), राण्या ६ (४३), गुलाम ६ (४३), एक्का-राजा ९ (५०). प्रकार गुणिले वाटा, सगळ्याची बेरीज १,०७७, भागिले २७. सुमारे ४० टक्के. हवे होते ४२.७. पानं टाका. 'एक्का-राजा कधी सोडायचा नसतो' म्हणणाऱ्याला पैसे भरू द्या.

आता भिडू सैल धरा. यादीत दश्शीची जोडी (६ प्रकारे, ४३) आणि एक्का-राणी (१२ प्रकारे, ७४) वाढवा. एकूण प्रकार ४५, वाटा ४९. आता बिनधास्त कॉल. दशांश चिन्हापुढचे आकडे घासत बसण्यात अर्थ नाही. निकाल फिरतो तो त्या १२ एक्का-राण्यांमुळे. आणि सावध राहा: कॉल द्यायची खुमखुमी आली की माणूस यादीत भंगार हात घुसवतो. त्याने टेबलावर जे उघडून दाखवलंय, त्याच्या आसपासचेच हात धरा.

३. फ्लॉपनंतर. आउट्स, म्हणजे तुमचा हात जिंकता करणारी उरलेली पानं, मोजा. फ्लॉपवर (टेबलावर पहिली तीन पानं उघडल्यावर) चारने गुणा, टर्नवर (चौथं पान उघडल्यावर) दोनने; येतात ते टक्के. काही जण सांगतात तो 'नेहमी दोननेच' हा नियम पुढे अजून बोली लागणार असेल तेव्हाचा. ऑल-इनमध्ये उरलेली दोन्ही पानं फुकट दिसतात. फ्लशचे (एकाच रंगाची पाच पानं) ९ आउट्स फ्लॉपवर ३५ टक्के देतात, टर्नवर जेमतेम २०. आउट्स खूप असले की चारचा गुणाकार फुगतो: १५ आउट्सला तो ६० म्हणतो, खरे ५४. समोरच्याकडे तिकडी असेल तर टेबलावर जोडी लागून त्याचं फुल हाउस (तिकडी अधिक जोडी, फ्लशपेक्षा वरचढ) होऊ शकतं. मग ते ३५ सुमारे २५ वर येतात.

४. ताडून पाहा. वाटा भावापेक्षा जास्त असेल तर कॉल.

रोख टेबलावर, मग ते पणजीच्या मांडवीतल्या कॅसिनोत का असेना, रेक (कॅसिनो पॉटमधून कापतो ती रक्कम) आधी वजा करा: वरच्या पॉटमधून ३०० कापले तर ४२.७ चे ४४ होतात. स्पर्धेत बक्षिसांना एक-दोन खेळाडू बाकी असताना आणखी काही टक्के वर मागा, कारण तिथे गमावलेली चिप मिळवलेल्या चिपेपेक्षा महाग पडते.